उरलेला दत्ताराम

माझ्या आत्याच्या यजमानांना जगातल्या कुठल्याही पुरुषाचं नुसतं नाव सांगा, ते त्याचं वय सांगतात. आणि चुकले, तर चूक त्या माणसाची असते. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. बारावीनंतर मी गावाहून रत्नागिरीला कॉलेजसाठी आलो आणि त्यांच्याकडे राहू लागलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळ्याच गोष्टींची भीती वाटायची. पहिल्याच दिवशी मी पिशवी घेऊन दारात उभा होतो, तेवढ्यात विजेचं मीटर बघायला एक माणूस आला. तो फोनवर कोणाला तरी म्हणाला, "मी सुभाष बोलतोय." मामा आत माजघरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना तो माणूस दिसत नव्हता. ते तिथूनच म्हणाले, "रिटायर व्हायला आला असेल." तो माणूस मीटर सोडून दाराशी आला आणि विचारायला लागला, की माझी फाइल तुम्ही कुठे बघितलीत. मामांनी कूस न वळवता सांगितलं, "फाइल कशाला बघायची? सुभाष म्हणालास ना?"

ही विद्या त्यांना कुठून आली, तर शाळेतल्या स्टुलावरून. मामा एका शाळेत शिपाई होते. घंटा देऊन झाली की ते व्हरांड्यात स्टुलावर बसायचे आणि सगळ्या वर्गांतली हजेरी एकदम त्यांच्या कानावर पडायची. नोकरीला लागले तेव्हा शेवटची थोडी दत्ताराम, सीताराम, गंगाराम मंडळी दहावीत होती. ती गेली आणि सुनील, अनिल, संजय आले. त्यांच्या मागोमाग सचिन, अमोल, राहुल. मग ओंकार आणि प्रथमेश इतके झाले, की बाईंनी नाव पुकारलं की अर्धी बाकं "हजर" म्हणायची. मामा रिटायर व्हायच्या सुमारास बालवर्गात अथर्व यायला लागले होते. "नावांचं बांगड्यासारखं असतं," मामा सांगतात. "आला की सगळ्यांच्या टोपलीत तोच. तेव्हा कोणी म्हणत नाही, की शेजाऱ्याने घेतलाय तर मी दुसरं काही घेतो. आणि एकदा गेला, की गेला. मग कितीही जाळी टाका." माझं नाव ओंकार. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे थोड्या सहानुभूतीने बघितलं होतं. आमच्या गल्लीत आधीच तीन ओंकार होते आणि त्यांना ओळखायला लागणाऱ्या सगळ्या खुणा वापरून झाल्या होत्या: चष्मेवाला, बुलेटवाला आणि नुसता. म्हणून मी 'ओंकार कॉलेजवाला' झालो आणि आठवड्याभरात नुसता 'कॉलेज' राहिलो. "काय कॉलेज, चहा घेणार का?" असं मामा आजही विचारतात.

त्यांचा अंदाज चुकलेला मी एकदाच बघितला, तोही दवाखान्यात. मामांना दवाखान्यात जायची फार आवड होती, त्याबद्दल पुढे सांगतो. त्या दिवशी कंपाउंडरने आतून "प्रकाश" अशी हाक मारली. मामा माझ्या कानात म्हणाले, "पासष्टीचा. गुडघे." आणि कोपऱ्यातून माझ्याच वयाचा एक मुलगा हाताला प्लास्टर घालून उठला. मामांचा चेहरा पडला. पण हार मानतील तर ते मामा कसले! तो मुलगा बाहेर येईपर्यंत ते थांबले आणि त्याला अडवून म्हणाले, "आजोबांचं नाव ठेवलंय का तुला?" मुलगा बिचकून हो म्हणाला. "आजोबांचे गुडघे कसे आहेत?" मुलगा म्हणाला, "दुखतात." मामा माझ्याकडे वळून बघत राहिले.

त्यांच्या ह्या ज्ञानाचा दुसरा झरा म्हणजे पाळणा. त्यांच्या दोन मुलींसाठी कधीकाळी केलेला फणसाच्या लाकडाचा एक पाळणा आहे, पितळेच्या कड्यांचा. मुली लग्न होऊन गेल्या, पण पाळणा अजून नोकरीत आहे. आजूबाजूला कोणाकडेही बारसं असलं की तो पाळणा जातो आणि पाळण्याबरोबर मामा जातात. तो टांगायचा कसा ते दुसऱ्या कोणाला जमत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. टांगून झाला की त्यात आधी नारळ भरलेली पिशवी निजवून ते चार झोके देतात आणि मग बायकांना म्हणतात, "आता ठेवा पोराला." बारसं हा बायकांचा कार्यक्रम, पुरुष बाहेर बसतात. पण मामा 'दोरावर लक्ष ठेवायला' म्हणून आतच, अगदी पुढे, भिंतीला टेकून उभे असतात. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि नाव जाहीर झालं, की मामा नम्रपणे विचारतात, "अर्थ काय ह्याचा?" मी त्यांच्याबरोबर गेलेल्या बहुतेक बारशांत उत्तर एकच आलं: सूर्याचा पहिला किरण. नावं वेगवेगळी, किरण तोच. मामा मान डोलवतात आणि घुगऱ्यांची पुडी घेऊन बाहेर पडतात. एकदा घरी येताना अंधारात माझी चप्पल दगडाला अडखळली, तेव्हा ते म्हणाले, "गल्लीत एवढे पहिले किरण आहेत, पण उजेड बघ."

नव्या नावांवर त्यांचा राग आहे असं मात्र मुळीच नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी कोणा एका आईने "अथर्व, जेवायला ये" म्हटलं की वेगवेगळ्या घरांतले बरेच अथर्व खेळ थांबवून तिच्याकडे बघतात. इतर म्हातारी माणसं ह्याला नावं ठेवतात. मामा उलट खूश होतात. "आमचं असंच होतं," असं म्हणतात. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वर्गात चार दत्ताराम होते. त्यांतले एक मामा, कारण त्यांचं नावही दत्ताराम आहे. हे मी इथे लिहिलं खरं, पण त्यांच्यासमोर मी हे नाव एकदाच उच्चारलंय, तेही त्यांनीच सांगायला लावलं म्हणून, आणि दुसरंही सहसा कोणी उच्चारत नाही. चौघा दत्तारामांत एक होता काळा दत्ताराम, एक लांबडा, एक वरच्या वाडीतला म्हणून वरचा, आणि एक शेंबडा. मामा सांगतात की ते लांबडा दत्ताराम होते. मामांची उंची माझ्या खांद्याला लागते. आत्या हे ऐकलं की चुलीकडे बघत म्हणते, "लांबडे म्हणे. आरसा बघा." मग शेंबडा कोण, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "आता एवढं कुठे आठवतंय?"

काळा दत्ताराम आणि खरा लांबडा दत्ताराम कधीच गेले. उरला होता तो वरचा दत्ताराम. तो गावीच असायचा आणि दर रविवारी संध्याकाळी मामांना फोन करायचा. फोन उचलला की पलीकडून एवढ्या जोरात हाक यायची, की ती मला अंगणात ऐकू यायची. "काय रे दत्त्या, मेल्या, हाईस का गेलास?" मामा तितक्याच जोरात म्हणायचे, "हाय रे दत्त्या, तू?" त्यानंतर दोघांना बोलायला फारसं काही नसायचं. पाऊस, आंबा, कोणाचे डोळे. पण फोन व्हायचा. गेल्या वर्षी एका रविवारी फोन आला नाही आणि सोमवारी त्याच्या मुलाचा आला. मामा जाऊन आले, आंघोळ केली, ओटीवर बसले आणि म्हणाले, "आता मी एकटाच उरलो." आत्याला आणि मला वाटलं, की ते मित्राबद्दल बोलताहेत.

त्यानंतर दवाखाना सुरू झाला. आधी खोकला झाला. मग खांदा दुखला. मग कान बघून घ्यायचा होता. डॉक्टरांना काही सापडायचं नाही आणि मामांनाही त्याची चिंता नसायची. मी सोबत जायचो. ते नंबर लावून बाकावर बसायचे, शेजारच्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत, नजर आतल्या दारावर. कंपाउंडर दारात येऊन जोरात नाव पुकारायचा, "दत्ताराम!" मामा ताडकन उठायचे आणि शाळेतल्या पोरांसारखे म्हणायचे, "हजर!" बाकावरची माणसं हसायची. मामा ऐटीत आत जायचे आणि दोन मिनिटांत एखादी गोळी लिहून घेऊन बाहेर यायचे. ती गोळी ते घ्यायचे की नाही, मला शंका आहे. आत्या वैतागायची. "अहो, तुम्हाला झालंय तरी काय?" मामा म्हणायचे, "बघतायत डॉक्टर."

मला हे कळायला बराच वेळ लागला. कदाचित लागलाही नसता, पण एका सोमवारी दवाखान्यात भिंतीवर लाल आकड्यांची पाटी लागली आणि टोकन आलं. मामांच्या हातात एक कागदाचा कपटा आला. ते नेहमीसारखे दाराकडे बघत बसले. पाटीवर आकडा बदलला, 'टुंग' असा आवाज झाला. मामा उठले नाहीत. मी म्हटलं, "मामा, तुमचा नंबर." ते म्हणाले, "नाव घेऊ दे की." कंपाउंडर आतून डोकावून म्हणाला, "काका, आता नाव नाही, नंबरच." मामांनी टोकन बाकावर ठेवलं आणि आम्ही घरी आलो. रस्त्यात त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होते: "तुझी आत्या 'अहो' म्हणते. मुली 'बाबा'. तू 'मामा'. गल्लीत 'काका', दुकानात 'आजोबा'. आई-वडील गेले, दत्त्या गेला. नाव घेणारं कोणी उरलंच नाही रे. एवढं ठेवलेलं नाव." मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझं सोड. पण कोणाचंच नाही आता ते. पूर्वी एका घरात दोन-दोन असायचे."

म्हणजे मामांना आता एकच गोष्ट हवी होती: कुठल्या तरी पाळण्यातून परत एकदा 'दत्ताराम' हे नाव यावं. दोराशी उभं राहून ते इतके दिवस ह्याचीच वाट बघत होते, हे मला त्या दिवशी समजलं. आणि त्याच सुमारास माझ्या दादाला मुलगा झाला.

दादा मुंबईला असतो. वहिनी अलोऱ्याची, तिथल्या कॉलनीत वाढलेली. बाळंतपणाला ती माहेरी आली होती. बारसं आमच्या गावी करायचं ठरलं. आमचं गाव हेदवीच्या अलीकडे, आत डोंगराच्या बाजूला. वहिनीची एकच अट होती: नाव वेगळं पाहिजे. "भावोजी, माझ्या वर्गात चार पूजा होत्या," ती मला फोनवर म्हणाली. "मला पूजा क्रमांक तीन म्हणायचे. माझ्या मुलाला नंबर नको." ती रोज फोनमध्ये नावं शोधायची. शेवटी तिला 'रेयांश' सापडलं. पेढ्यांच्या खोक्यावर छापायलाही दिलं. आणि मग कळलं, की कॉलनीत मागच्याच इमारतीत दोन महिन्यांचा एक रेयांश आहे आणि खालच्या मजल्यावर येऊ घातलेल्या बाळासाठीही तेच ठरलंय. वहिनी दिवसभर कोणाशी बोलली नाही असं दादाने सांगितलं.

मामांनी ही बातमी दाढी करताना ऐकली. अर्धी दाढी तशीच ठेवून ते म्हणाले, "कॉलेज, फोन लाव."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. मामा म्हणाले, "सूनबाई, एक नाव आहे. वर्गात काय, अख्ख्या शाळेत दुसरा मिळायचा नाही. तालुक्यात एक जरी बाळ त्या नावाचं दाखवलंस, तर पाळणा मी तुमच्या दारात फोडून टाकतो."

वहिनीचा आवाज एकदम जागा झाला. "सांगा ना मामा. कुठलं?"

मामांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. "तू सांग."

मी सांगितलं. पलीकडून आधी लांबून दादाच्या हसण्याचा आवाज आणि वहिनीचं "गप्प बसा हो."

"मामा, हे तर तुमचं नाव," वहिनी म्हणाली.

"माझं कसलं? आपलं आहे एक. वापरात नाही म्हणून पडून आहे."

"बघते हं मामा," वहिनी म्हणाली. मामांनी उरलेली दाढी केली आणि कापून घेतलं. 'बघते' म्हणजे काय, हे त्यांनी एवढ्या बारशांत ऐकलेलं होतं.

पण वहिनीने खरंच बघितलं. बारशाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. कागदावर नाव निहार. पण कानात आधी दत्ताराम सांगायचं आणि मग निहार. "घरातलं एक, शाळेतलं एक," ती म्हणाली. मामांनी आधी विचारलं, "निहार म्हणजे?" ती म्हणाली, "दंव." मामा म्हणाले, "चला, सूर्यातनं तरी सुटला." मग जरा थांबून, "पण कानातलं नाव ऐकतो कोण?" वहिनी म्हणाली, "बाळ ऐकेल की, मामा."

त्या रात्री मामांनी पाळण्याच्या कड्यांना चिंच लावून त्या इतक्या घासल्या, की आत्या म्हणाली, आता त्यांत तोंड दिसायला लागलं, झोपा.

घोटाळा दुसऱ्या दिवशी जयगडला लक्षात आला. पाळणा टेंपोत घालून आम्ही तिघं खाडीच्या फेरीबोटीवर चढलो होतो. बोटीवरच्या माणसाने पाळणा बघून विचारलं, "बाळ कुठाय?" मामा म्हणाले, "पलीकडे. नावाची वाट बघतोय." ते फार खुशीत होते. तेवढ्यात आत्या एकदम म्हणाली, "पण ते नाव कानात सांगायचं कोणी?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दोघे भाऊच. आम्हाला बहीण नाही, म्हणजे बाळाला सख्खी आत्या नाही. म्हणून आत्याचा मान आमच्या आत्याचा, हे आधीपासून ठरलेलं. आणि आत्याने लग्नात घेतलेला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं, तरी ती शेजारच्या बाईला "तू सांग गो" म्हणते.

"माझ्या तोंडातून यायचं नाही ते," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कोणाला तरी सांगू दे."

"मान तुझा आहे," मामा म्हणाले.

"मान राहू दे. चारचौघींत मी तुमचं नाव घेऊ? तेही नुसतं? अहो नाही, राव नाही, काही नाही? पोराला ठीक आहे, पण नाव तर तुमचंच ना?"

तवसाळचा धक्का जवळ आला तेव्हा मामा म्हणाले, "नको तर नको. निहारच सांग. दोनदा सांग, म्हणजे झालं." आणि टेंपोत जाऊन पाळण्याशेजारी बसले. पुढे गावापर्यंत आत्याचे ओठ हलत होते. मला वाटलं ती जप करतेय.

गावच्या बायकांनी मामांना आत थारा दिला नाही. "दोर आमी बघू, तुमी वायच भायर बसा," म्हणून माझ्या चुलतीने त्यांना ओटीवर काढलं. ते पुरुषांच्या रांगेत चहाचा पेला घेऊन बसले, पाठ ताठ, तोंड अंगणाकडे. मी दारात उभा होतो, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसत होतं. आत वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून फिरवला, मग बाळाला फिरवलं, मग निजवलं. आत्या पुढे झाली. वाकली. बायका धपाट्यांसाठी हात उगारून तयार.

आत्या काही बोलेना.

"सांग की गो!" माझी चुलती म्हणाली. एकीने आगाऊच एक धपाटा घातला. "पोर बारा वर्षांचं होईल गो बाय, सांग."

"नाव इसरलीस काय?" दुसरी म्हणाली. वहिनी आत्याकडे बघत होती. बाळसुद्धा रडायचं थांबलं होतं.

मग आत्या ताठ उभी राहिली. तिने पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हातांनी सारखा केला, घसा साफ केला. आणि कानात वगैरे नाही, लग्नात उभी राहून म्हणतात तशी, सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली:

"फणसाच्या पाळण्याला पितळेची कडी,
दत्तारामरावांचं नाव घेते बारशाच्या घडी!"

आणि मग बायकांनी जो काही दंगा केला, तो मला लिहिता येणार नाही. "अगो, बारसं हाय, लगीन न्हाय!" "पोराला राव म्हणतेय ही!" धपाटे एवढे पडले की आत्याचा पदर खाली आला. ती लाल झाली होती आणि हसत होती. त्या गडबडीत निहार हे नाव सांगायचं राहून गेलं. ते पुढे वहिनीनेच सांगितलं, घुगऱ्या वाटताना.

मी ओटीकडे बघितलं. मामांनी पेला खाली ठेवला होता आणि ते उभे राहिले होते. हात दोन्ही बाजूंना सरळ. ते म्हणाले, "हजर."

शेजारी बसलेल्या माझ्या बाबांनी विचारलं, "का हो, कोणी बोलावलं?"

मामा म्हणाले, "आतून." आणि खाली बसले. चहा मात्र त्यांनी प्यायला नाही, पेला उचलून तसाच धरून बसले.

परत येताना बोटीवर आत्याने पिशवीतून चिवडा काढला आणि नेहमीसारखी म्हणाली, "अहो, घेताय ना?" मामांनी तिच्याकडे असं बघितलं, की अजून एखादा उखाणा तयार आहे का. नव्हता. त्यांनी चिवडा घेतला.

आता दर रविवारी संध्याकाळी, वरचा दत्ताराम फोन करायचा त्याच वेळेला, मामा मुंबईला फोन लावायला सांगतात. वहिनी फोन बाळासमोर धरते. मामा अंगणात उभे राहून ओरडतात, "काय रे दत्त्या, मेल्या, हाईस का?" गल्लीतले सगळे अथर्व खेळ थांबवून बघतात, की हा नवीन मुलगा कोण आला. पलीकडून उत्तर येत नाही, यायचं वयही नाही. थुंकीचे बुडबुडे आणि सर्दीची सूं सूं ऐकू येते. मागच्या रविवारी बाळाचं नाक फारच वाहत होतं. मामांनी फोनच्या पडद्यात निरखून बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "चला, शेंबडा दत्तारामही मिळाला." आत्या आतून म्हणाली, "तो होताच की." मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मला कधीकधी वाटतं, अजून चार-पाच वर्षांनी बाळ शाळेत जाईल तेव्हा हजेरीत बाई निहार म्हणतील, आणि तो निहार म्हणूनच हात वर करेल. 'दत्ताराम' हे मग फक्त एका म्हाताऱ्या माणसाच्या रविवारच्या फोनात राहील. मामांनाही हे माहीत असणार, त्यांना नावांची भरती-ओहोटी माझ्यापेक्षा जास्त कळते. पण मी ते त्यांना विचारलेलं नाही.

परवा मी माझ्याच तापासाठी दवाखान्यात गेलो होतो. कंपाउंडरने मला ओळखलं. टोकन देताना म्हणाला, "तुमचे मामा बरेच दिवसांत आले नाहीत. बरे आहेत ना?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

तो म्हणाला, "त्यांना सांगा, आले की नावाने बोलावू. ती पाटी आमचीच आहे, थोडा वेळ बंद करता येते."

घरी आल्यावर मी निरोप सांगितला. मामा पाळण्याच्या दोराला नवीन गाठ मारत होते, उद्या पलीकडच्या गल्लीत बारसं होतं. त्यांनी गाठ पुरी केली, ओढून बघितली आणि म्हणाले, "नको. उगाच त्यांना त्रास. आता रविवार आहे ना."